सहावी बशी

मसाकाच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा,
तिथे मी काचा धुतो. एकोणीस वर्षं झाली.
नाव सेम्वांगा, पण पोरं म्हणतात म्झे साबूनी,
म्हणजे साबणबुवा.

नान्सिकोंबी आली ती स्कर्टला कुसळं चिकटवूनच,
काळी, दोन दातांची, एकेक वेचावी लागणारी.
म्हणाली, ह्याच झाडावर माझा अभ्यास.
मी हसलो. सेरेवर?
केळीच्या बागेतून जे उपटून आमचे हात थकतात,
बकऱ्यांपुढे टाकलं तरी
पुढच्या आठवड्यात जे तिथेच उभं, त्याच्यावर?

तीन आठवडे तिने पानं वाटली, मद्यार्कात भिजवली, गाळली.
कागदाच्या टिकल्यांना अर्क पाजला,
जीवाणूंच्या बशीत त्या चिमट्याने अलगद ठेवल्या,
वर फॉइल गुंडाळून बश्या उबेत निजवल्या.
सकाळी पाहावं तर जीवाणू टिकलीला खेटून,
पाहुणचाराला बसल्यासारखे.
वहीत ती लिहायची: काही नाही. काही नाही.
मग नुसती आडवी रेघ.

त्या रविवारी वीज गेली, जनरेटरला डिझेल नव्हतं.
उबेची पेटी गार पडली, चूल विझलेल्या घरासारखी.
मी सहा बश्या खिडकीत आणल्या,
ती गुंडाळते म्हणून मीही गुंडाळल्या.
पाचच. सहावीला फॉइल पुरली नाही.
दिवसभर ती उघड्यावर उन्हात.

सोमवारी नान्सिकोंबीने विचारलं, ही कोणी ठेवली?
वाटलं, गेली नोकरी.
तिने बशी माझ्या डोळ्यांपुढे धरली.
अर्काच्या टिकलीभोवती खळं पडलेलं,
चंद्राला पडतं तसं, गोल, स्वच्छ.
शेजारच्या कोऱ्या टिकलीपाशी मात्र गर्दी तशीच.
ऊन तर दोघींवर सारखंच पडलं होतं.

ती भराभर बोलत सुटली.
पानात काहीतरी झोपलेलं असतं, म्हणाली,
उजेड पडला की ते जागं होतं,
जवळच्या प्राणवायूला चिथावतं
आणि तो पिसाळून जीवाणूंची कातडी फाडतो.
मग स्वतःच थांबली. एका बशीने काही ठरत नाही, म्झे.
पुन्हा सगळं. निम्म्या उन्हात, निम्म्या अंधारात.
दुहेरी कातडीची एक जात होती, तिला ढिम्म काही झालं नाही.
तेही तिने लिहिलं, तेवढ्याच वळणदार अक्षरात.

मी तोवर वेगळ्याच हिशेबात अडकलो होतो.
माझ्या नडगीला कुदळ लागली तेव्हा जानेवारी.
आईने सेरे चुरगाळून रस पिळला,
म्हणाली, बस बाहेर, माशा हाक.
भिंतीला टेकून बसलो. वण आहे अजून, करंगळीएवढा.

लुक्वागोला लागलं ते एप्रिलमध्ये.
पाऊस हटेना. तेच झाड, आईचे तेच हात,
पण जखमेवर केळीचं पान, त्यावर फडकं,
आणि तो आत, खिडकी नसलेल्या खोलीत.
नवव्या दिवशी त्याला उचलून न्यावं लागलं.
बोडाबोडा तेव्हा नव्हत्या. वाट लांब होती.
आई मरेपर्यंत म्हणायची,
माझंच पिळणं कमी पडलं.

विचारलं मी नान्सिकोंबीला. न राहवून.
तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.
मला माहीत नाही, म्हणाली.
जखम म्हणजे बशी नव्हे.

शनिवारी बागेत गेलो, आईच्या कबरीशी.
सांगायचं पाठ करून गेलो होतो:
हात कमी नव्हता पडला, आई, दार बंद होतं.
तोंडाशी आलं
आणि पोरीचं वाक्य आठवलं.
मग नुसतं गवत उपटत बसलो.
सेरे तेवढं ठेवलं.